ओल्या तुकड्याची नोंद

बातमी मला चौथ्या दिवशी कळली, आणि तीही त्यांच्या घरून नाही. मे महिन्यातली दुपार होती. खिडकीत कूलरची घरघर, टेबलावर सह्यांसाठी आलेले कागद, आणि फोन वाजला. खाणीकडच्या वस्तीतल्या शेवंताबाई बोलत होत्या. एरवी त्या फोनवरही शेताच्या पलीकडे हाक मारावी तशा बोलतात. त्या दिवशी मला दोनदा विचारावं लागलं, कोण बोलतंय म्हणून.

"मॅडम, पराते भाऊ गेले. तुम्हाले कोणी सांगतलं नसन, म्हणून फोन केला."

"कधी?"

"रविवारी. इथूनच मोजमाप करून गेले होते. मी म्हणत होती, भाऊ, ऊन उतरू द्या, मंग जा. नाही ऐकलं. घरी पोचले अन् चक्कर आली म्हणतात... दवाखान्यात नेलं, पण काही उपयोग नाही झाला."

मी "बरं" म्हणाले. त्यात बरं काय होतं, देव जाणे. फोन ठेवला आणि उरलेल्या कागदांवर सह्या केल्या, एकेक पान नीट उलटून. शेवटच्या पानावर आल्यावर लक्षात आलं की यातलं एक अक्षरही आपण वाचलेलं नाही.

मनोहर पराते आमच्या खडकांच्या प्रयोगशाळेत तंत्रसहायक होते. नागपुरातल्या विणकरांच्या मोहल्ल्यात वाढलेले. घरचा माग बंद पडला तेव्हा मदतनीस म्हणून नोकरीला लागले आणि बघत बघत सगळं शिकले. मी नवी पदवी आणि नवा चष्मा घेऊन तिथे रुजू झाले तेव्हा त्यांची पंधरा वर्षं तिथे झाली होती. कागदावर मी त्यांची अधिकारी. प्रत्यक्षात पहिलं वर्षभर त्यांनीच मला शिकवलं, आणि ते शिकवणं आहे असं एकदाही जाणवू दिलं नाही. खाणींच्या भागातून जमिनीत खोल भोक पाडून काढलेले दगडाचे लांब दंडगोल लाकडी खोक्यांतून आमच्याकडे यायचे. त्यातून मनगटाएवढे तुकडे कापायचे, दोन्ही टोकं घासून सपाट करायची, भट्टीत वाळवायचे, रबराच्या वेष्टनात घालून जाड पोलादी कोठीत ठेवायचे आणि तेलाच्या दाबाने चहूकडून आवळायचे. जमिनीच्या पोटात त्या दगडाला जसा दाब सोसावा लागतो, तसा. भाऊ कापलेल्या तोंडावरून अंगठा फिरवून सांगायचे, "हा पोकळ आहे मॅडम, याले हळू घ्या." मी नंतर मोजून पाही, तर दगडातली पोकळी खरंच इतर तुकड्यांपेक्षा जास्त निघे. विचारलं तर म्हणत, "काही नाही, सवय आहे हाताले."

नागपूरच्या उत्तरेला कोळशाच्या थरांवर जो पिवळसर-तांबूस वालुकाश्म आहे, तो भाऊंचा खास लोभाचा दगड. कॉलेजची मुलं प्रयोगशाळा पाहायला आली की मी त्यांना फळ्यावर आकृती काढून दाखवी, आणि मुलांचे चेहरे कोरेच राहत. मग भाऊ पुढे येत. "रव्याचा लाडू पाह्यला ना? रवा म्हणजे हे वाळूचे दाणे. पाक म्हणजे दाण्यांले धरून ठेवणारी माती. अन् मधात हवा असते, पाणी असते. लाडू हातात घेऊन जरासा दाबला अन् सोडला, तं काही होत नाही. पण एका हद्दीच्या पुढं दाबला का मंग थो बसते. दाणे फुटतात, मधातली जागा भरून जाते. मंग हात सोडा नाहीतं नका सोडू, थो काही पयल्यासारखा होत नाही." एवढं सांगून ते एका मुलाला बोलावत, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबयंत्राच्या चौकटीला टेकवत आणि मुठीला कान लावायला सांगत. आत दाणे फुटायला लागले की तो आवाज ऐकू येई. खडा आलेला घास दाताखाली यावा तसा, बारीक, आणि मग एकामागून एक. मुलं हसायची. भाऊ हसत नसत. ते आलेखाच्या रेषेकडे पाहत असायचे, ती कुठे वाकते ते.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसले ते सांगते.

एका खाणीचं काम आमच्याकडे आलं होतं. कोळशाच्या वरच्या वालुकाश्मात पाणी होतं, आणि ते खाणीत उतरू नये म्हणून उपसून टाकायचं होतं. पाणी असतं तोवर वरच्या जमिनीचा काही भार ते पाणी पेलत असतं. ते काढलं की सगळा भार दाण्यांवर येतो. दाणे तो पेलतील की चुरडतील, एवढंच आम्हाला सांगायचं होतं. जमिनीवर, त्याच जागी, एक वस्ती होती. मी तुकडे भट्टीत वाळवून चाचण्या केल्या, कारण तेव्हा आमच्याकडे तशीच पद्धत होती. दगड उत्तम निघाला. विभागाच्या बैठकीत मी सांगून मोकळी झाले की हा दगड टिकेल, जमीन खाली बसण्याची भीती नाही, अहवाल आठवड्याभरात देते. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. मी तेव्हा तिशीही गाठली नव्हती.

त्याच दिवशी संध्याकाळी भाऊ माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, दोन तुकडे उरले आहेत. एक पाण्यात ठेवून पाहू काय? जमिनीत थो काही भट्टीतल्यासारखा सुका नसते. पाणी उपसलं तरी ओल राहीनच ना."

मी हो म्हणाले. नाही म्हणायला कारण नव्हतं. तुकडा दोन दिवस पाण्यात राहिला, तिसऱ्या दिवशी आम्ही तो कोठीत घातला. कोरडा दगड जिथे खुशाल उभा होता त्याच्या कितीतरी आधी ओल्याची रेषा वाकली. भाऊंनी स्क्रूड्रायव्हरला कान लावला आणि मूठ माझ्याकडे केली. मीही ऐकलं. दाण्यांमधली माती ओलीने मऊ पडली होती आणि दाणे एकमेकांत शिरत होते. तुकडा बाहेर काढला तेव्हा त्याच्या मधोमध पिठासारखा पांढरा पट्टा होता. बोट लावलं की भुकटी हातावर येत होती.

खरं तर त्या वेळी साहेबांच्या खोलीत जाऊन एवढंच सांगायचं होतं, की मी घाई केली, आणखी नमुने मागवावे लागतील. साहेब रागावले असते असंही नाही. पण बैठकीत सगळ्यांसमोर बोलून झालेलं होतं... मी स्वतःची समजूत घातली की हा एकच तुकडा आहे, यात मातीची रेघ जास्त असेल. अहवालात तो घेतला नाही. अहवाल बांधून आला तेव्हा भाऊंनी उभ्या उभ्या पानं चाळली.

"थे ओल्याचं नाही टाकलं काय मॅडम?"

"एका तुकड्यावरून काही ठरत नाही, भाऊ."

"हाव, थेही आहेच म्हणा," ते म्हणाले, आणि फडकं घेऊन कोठी पुसायला लागले. उरलेला दुसरा तुकडा त्यांनी खोक्यात परत ठेवला. त्या विषयावर ते माझ्याशी पुढे कित्येक वर्षं बोलले नाहीत.

उपसा सुरू झाला. पहिल्या वर्षी वस्तीतल्या विहिरी आटल्या. त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. दुसऱ्या वर्षी भिंतींना तडे गेले. घरंच कच्ची आहेत, खाणीच्या सुरुंगांनी हादरली असतील, असं सगळे म्हणाले, आणि मीही ते मानून घेतलं. तिसऱ्या वर्षी शेवंताबाईंच्या स्वयंपाकघराची भिंत आत पडली. त्या चुलीशी बसल्या होत्या. जीव वाचला, पण कंबरेचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून त्या काठीशिवाय चालत नाहीत. पेपरात चार ओळींची बातमी होती. मी ती वाचली, पेपर घडी करून ठेवला. त्या दिवशी प्रयोगशाळेत भाऊ दिसले नाहीत. नोकरीत त्यांनी घेतलेली बिनाअर्जाची ती एकमेव सुट्टी असेल.

नंतर कळलं की ते वस्तीत गेले होते. आणि मग दर महिन्याच्या एका रविवारी जायला लागले. गवंडी वापरतात तशी पाण्याची लांब पारदर्शक नळी त्यांनी घेतली होती. वस्तीबाहेर कठीण काळ्या दगडाचा एक जुना चौथरा होता, तो स्थिर धरून त्यांनी प्रत्येक घराच्या जोत्यात पितळी खिळा ठोकला. नळीच्या दोन टोकांना पाण्याची पातळी पाहायची, कोणता खिळा किती खाली गेला ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. कुणी सांगितलं नव्हतं, कुठल्या कामात ते बसत नव्हतं. निवृत्त झाल्यावरही ते चालू राहिलं. मोपेडवर नळीचं वेटोळं बांधून, डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून ते निघायचे.

ते निवृत्त झाले त्याच वर्षी एकदा मी त्यांच्याबरोबर गेले. त्यांनी बोलावलं नव्हतं. मीच म्हणाले, येते. शेवंताबाईंनी अंगणात खाट टाकली. भाऊंनी ओळख करून दिली, "ह्या आमच्या मोठ्या मॅडम. दगडातलं यायले सगळं समजते." मला जमिनीत शिरावंसं वाटलं. शेवंताबाई काठी टेकत आत गेल्या आणि मला हाक मारली, "इकडं या मॅडम, हे पाहा." त्यांनी परातीत पाणी ओतून ती स्वयंपाकघराच्या फरशीवर ठेवली. एका कडेला पाणी काठोकाठ, दुसऱ्या कडेला परातीचा तळ उघडा.

"कणीक मळाले बसली का पाणी पळते," त्या म्हणाल्या. "मले सांगा, दगडावर घर बांधलं होतं आमच्या सासऱ्यानं. पाया खणतानी पहार वाजत होती म्हणे. मंग दगड कसा काय खाली जाते?"

मी भाऊंकडे पाहिलं. ते दारात उकिडवे बसून खिळ्यावरची धूळ पुसत होते. ते काही सांगतील म्हणून मी थांबले, आणि ते मी सांगावं म्हणून थांबले असावेत. शेवटी मीच म्हणाले, "दगड पोकळ असतो आतून, बाई. पाणी काढलं की दबतो."

"मंग हे आधी नाही समजत काय कोणाले?"

भाऊंनी वही उघडली. "शेवंताबाई, चहा टाका ना. मॅडमले परत जायचं आहे."

परतताना आम्ही माझ्या गाडीत होतो, त्या दिवशी मोपेड त्यांनी घरीच ठेवली होती. सावनेरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा, आणि मधूनच कोळशाचे ट्रक. मी दोनदा तोंड उघडलं. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "मॅडम, आता ओले नमुने घेऊन चाचण्या करा. दहा-बारा करा. माझी वही अन् तुमच्या चाचण्या एकत्र दिल्या तं लोकं हलतीन तिथून. मागचं उकरून काय भेटते?"

मी चाचण्या केल्या. मन लावून केल्या. प्रत्येक तुकडा ओला करून, आणि बहुतेक सगळ्यांची रेषा त्याच सुमाराला वाकली, जिथे त्या पहिल्या तुकड्याची वाकली होती. टिपणात मी लिहिलं, "नव्याने केलेल्या चाचण्यांमध्ये असे आढळले." सही करण्याआधी मसुदा भाऊंना दाखवला. त्यांचं बोट ओळीवरून सरकत होतं, ते "नव्याने" या शब्दापाशी थांबलं. मग बोट पुढे गेलं. "बरं झालं," ते म्हणाले. "आता द्या लवकर."

त्यांची वही आणि माझं टिपण यांच्या आधारावर वस्तीतली घरांची पुढची ओळ दुसरीकडे हलवली गेली. त्यालाही दोन वर्षं लागली. मागच्या ओळीचं प्रकरण अजून फायलीत आहे, आणि शेवंताबाईंचं घर मागच्या ओळीत आहे. उपसा थांबलेला नाही. म्हणून भाऊंचे रविवार थांबले नाहीत.

त्यांची-माझी शेवटची भेट एप्रिलमध्ये झाली. प्रयोगशाळेच्या फाटकावर नवा सुरक्षारक्षक होता, त्याने त्यांना अर्धा तास बाहेर बसवून ठेवलं. मला कळल्यावर मी धावत खाली गेले. ते कडुलिंबाच्या सावलीत बाकावर बसले होते, वाळले होते, शर्ट खांद्यावरून उतरल्यासारखा दिसत होता. मी रक्षकावर चिडले तर मलाच समजावलं, "त्याची ड्युटी आहे मॅडम, त्याले काहून बोलता?" मग खिशातून कागद काढला. मागच्या ओळीतली दोन जोती एका महिन्यात पूर्वीपेक्षा बरीच खाली गेली होती. "उन्हाळ्यात पाणी अजून खाली जाते. एखाद्या रविवारी येजा तुम्ही. मी एकटा सांगतो तं म्हातारा बडबडते म्हणतात. तुम्ही असल्या तं साहेब लोक ऐकतात."

मी म्हणाले, "येते भाऊ, नक्की येते."

त्यानंतर रविवार आले आणि गेले. एका रविवारी पाहुणे, एका रविवारी लग्न, आणि एका रविवारी ऊनच फार आहे म्हणून मी गेले नाही. ते मात्र गेले. तोच तो रविवार.

शेवंताबाईंचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाऊंच्या घरी गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. अरुंद गल्लीत दोन खोल्यांचं घर, चपलांची रांग, आत माणसांची कुजबुज. पुढच्या खोलीत सगळीकडे फरशी होती, फक्त खिडकीखाली एक लांबट चौकोन मातीचा, शेणाने सारवलेला. माझी नजर तिथे गेलेली पाहून भाऊंच्या पत्नी, म्हणजे वहिनी, म्हणाल्या, "मागाचा खड्डा होता थो. सासरे त्याच्यात पाय सोडून बसत. माग विकला तवा मुरूम टाकून बुजवला. पोरगं केव्हाचं म्हणून राहिलं, फरशी टाकून घेऊ. हे म्हणत, अजून बसून राहिलं थे, थांब." दरवर्षी दिवाळीआधी भाऊ तिथे मुरमाची घमेली ओतायचे, पाणी मारायचे, धुम्मसने ठोकायचे, आणि वर्षभराने पुन्हा बोटभर खोलगट झालेलं असायचं. त्यांची लोखंडी खुर्ची त्या चौकोनाच्या काठावर होती. खोलीत इतकी माणसं होती, पण त्या खुर्चीत कुणी बसलं नव्हतं, आणि त्या मातीवर कुणी पाय देत नव्हतं.

मी वहिनींचा हात हातात घेतला. "वहिनी, ते वस्तीत जात होते ते..."

"मले सगळं माहीत आहे मॅडम," त्या म्हणाल्या. रडून रडून त्यांचा आवाज बसला होता. "त्या अहवालाचं मले त्यायनं तवाच सांगतलं होतं. वरून दबाव होता म्हणे. मॅडमनं लय भांडून पाह्यलं, पण मॅडमच्या हातात नव्हतं म्हणे. तुम्ही काही मनाले लावून घेऊ नका."

त्यांच्या सुनेने चहा आणला. मी तो घेतला. घोट घोट करून सगळा प्यायले, कप खाली ठेवला, "येते" म्हणाले आणि गल्लीच्या तोंडाशी उभ्या केलेल्या गाडीत येऊन बसले. सीट तापली होती.

मागचे दोन रविवार मी वस्तीत गेले. नळीचं दुसरं टोक शेवंताबाईंची सून धरते. मला भाऊंइतकं नीट जमत नाही, एकेक खिळा दोनदा मोजावा लागतो. पहिल्याच रविवारी, चहा घ्यायच्या आधी, मी शेवंताबाईंना त्या ओल्या तुकड्याबद्दल सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग काठी उचलली आणि आत गेल्या. त्या दिवशी चहा आला नाही. दुसऱ्या रविवारीही नाही. सून मात्र आली, नळी धरायला.

वहिनींना सांगायला अजून धीर झालेला नाही. म्हणून इथे लिहिते आहे. वरून दबाव नव्हता. मी कुणाशी भांडले नाही. ओल्या तुकड्याचा आलेख मी साहेबांना दाखवलाच नव्हता. ते माझ्या हातात होतं, वहिनी, पूर्णपणे माझ्याच हातात होतं.

वहिनी रविवारची पुरवणी वाचतात, असं भाऊ सांगत. भाऊंची वाचून झाली की त्या घेत आणि खिडकीच्या उजेडात बसून शेवटच्या पानापर्यंत वाचत. आताही त्या तिथेच बसत असतील, ती रिकामी खुर्ची एका अंगाला ठेवून, पाय त्या मातीपासून जरा आवरून. हे छापून येईल तेव्हा त्यांना कळेल की त्यांचा नवरा त्यांच्याशी खोटं बोलला होता, आणि माझ्यासाठी बोलला होता. त्यानंतर मी त्यांच्या दाराशी जाणार आहे. त्या आत बोलावतील की नाही, मला माहीत नाही.